खालांच्या बाजूची फरशी

१

दुपारी मीना बाजारातली शटरं धडाधड खाली आली, की पाठोपाठ रुपेश जिना चढून घरी यायचा. जेवायचा, हात पुसता पुसता अरबी थाटात "यल्ला, गुड नाइट" म्हणायचा आणि खिडकीतल्या एसीखाली जो आडवा व्हायचा तो चार वाजेपर्यंत. कापडाच्या कंपनीत हिशेब बघणाऱ्या माणसाला एका दिवसात दोन सकाळी असतात, असं त्याचं म्हणणं.

उर्वीला दुपारी झोप लागायची नाही. ती हॉलमध्ये पाय पोटाशी घेऊन बसायची आणि आवाज ऐकायची. एसीची घरघर. खाडीतल्या अब्रांची, त्या लाकडी होड्यांची फटफट. समोरच्या खोलीतून खालांच्या रेडिओची कुजबुज. लग्न होऊन बर दुबईत आल्याला वर्ष होत आलं होतं, तरी दाराची बेल वाजली की ती जागच्या जागी उडायची. "आरशात बघण्याआधी खाकरत जा," रुपेश म्हणायचा, "नाहीतर एक दिवस स्वतःलाच दचकशील."

फ्लॅट खरा खालांचा, नवऱ्याच्या वेळेपासून भाड्याने घेतलेला. शहरबानू त्यांचं नाव, पण सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. मूळ बोहरी व्यापाऱ्याची मुलगी, पण जन्म आफ्रिकेतला, इथिओपियातल्या हरार नावाच्या गावचा. वडिलांची तिथे कापडाची पेढी होती आणि आई त्याच गावची. नवरा दुबईत वारला, मूलबाळ नाही. भाच्याला, मुश्ताकला, फुजैराच्या बंदरावर नोकरी लागली, तेव्हा म्हातारी एकटी नको म्हणून त्याने पुढची खोली रुपेशला भाड्याने दिली. मधला हॉल दोघांचा. म्हणजे अलीकडचा अर्धा उर्वीचा आणि पलीकडचा अर्धा, खालांच्या दाराला लागून असलेला, खालांचा. तसं कुणी लिहून दिलं नव्हतं. फरशीच सांगत होती.

कारण खालांच्या बाजूची फरशी लाल होती. त्यांच्या नवऱ्याने भिंतीलगत एक बुटका ओटा बांधून घेतला होता आणि ओट्यासकट समोरची चटईभर फरशी तांबड्या मातीने रंगवली होती. उर्वीने पहिल्या दिवशी बघितलं आणि तिला भडभडून आलं. गेरू! मिरजेच्या घरी दिवाळीत अंगणातला कोपरा गेरूने सारवायचं काम तिचंच असायचं. परक्या देशात, तिसऱ्या मजल्यावर, कुणीतरी आपल्यासाठी अंगण ठेवलंय असं तिला वाटलं होतं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत तिला तिसरा महिना होता. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मुश्ताक खालांना डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, रुपेश झोपला होता, आणि समोर ती लाल फरशी रिकामी पडली होती. गेरू दिसला आणि त्यावर रांगोळी घातली नाही, हे तिच्या हाताला जमणारच नव्हतं. तिने ठिपके काढले, कमळं काढली, बाजूने वेल काढला. ओट्यावर पणत्या मांडल्या. खाला आल्या की किती खूश होतील, असंच तिच्या मनात होतं.

२

खाला आल्या. दारातच थांबल्या. चप्पल काढायची राहून गेली.

"सुंदर है," त्या म्हणाल्या. "बहुत सुंदर है, बेटी."

मग भिंतीच्या कडेकडेने, एकाही रेषेवर पाय न ठेवता त्या आपल्या खोलीत गेल्या. मुश्ताक मात्र तसाच उभा होता. त्याने उर्वीकडे बघितलं, रांगोळीकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "भाभी, आपको किसी ने बताया नहीं? इस पर कुछ नहीं डालते."

दुसऱ्या दिवशी उर्वी फराळाचं ताट घेऊन खालांच्या खोलीत माफी मागायला गेली. खालांनी तिला पलंगावर बसवलं, लाडू फोडून तोंडात टाकला आणि सांगितलं. अगदी सहज, पाहुण्याला घर दाखवावं तसं. त्यांच्या आजीच्या लहानपणी पश्चिमेकडचा राजा फौज घेऊन आला. गावातली माणसं मैदानात लढायला गेली. फार वेळ लागलाच नाही. संध्याकाळी बायका दारात उभ्या राहिल्या आणि परतणारा कुणी नव्हता. त्यांची आठवण म्हणून घराघरांतली जमीन लाल ठेवतात. बसायचं, जेवायचं, मुलं वाढवायची, सगळं त्याच लालवर.

उर्वीने कॉलेजात इतिहास घेतला होता. आफ्रिका म्हटल्यावर तिला एक धडा आठवला, आणि गप्प बसवेना म्हणून ती बोलून गेली, "खाला, मला माहितेय! तुम्हारे राजा ने इटली को हराया था ना? मेनेलिक! आमच्या सरांनी शिकवलं तेव्हा सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या."

"हमारे राजा ने?" खाला हसल्या. दात नसलेलं, मनापासूनचं हसू. "बेटी, वही तो आया था. इटली तो बाद में."

उर्वीचे कान तापले. साम्राज्यविस्ताराची कारणे व परिणाम, असा प्रश्न तिने परीक्षेत लिहिला होता. गोऱ्यांनी केला तो विस्तार. ह्या राजाचा उल्लेख पुढच्या धड्यात, अभिमानाने. त्याने कुणाच्या घरात पाय ठेवला, हे विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"लड़ाई में जो मरे सो मरे," खाला सांगत होत्या. "बाद में सिपाही घरों में रहने आए. नानी बताती थी, बुरे लोग नहीं थे. पूछ के आए. पहले बोले, बंदूक टाँगने को एक खूँटी दो. दे दी. फिर बोले, चटाई बिछाने दो. हम थोड़ा पीछे हो गए. फिर चूल्हा. हम और पीछे हो गए. कोई झगड़ा नहीं हुआ. बस एक दिन नानी की एड़ी दीवार को लग गई."

त्या उर्वीच्या हातावर थोपटत म्हणाल्या, "तू रांगोली मत पोंछ. अपने आप जाएगी."

पण उर्वीला राहवलं नाही. खाला दुपारच्या निजल्यावर तिने ओलं फडकं घेतलं आणि रांगोळी पुसली. पांढरं निघालं. त्याबरोबर तांबडंही निघालं. कमळाच्या पाकळ्या जिथे होत्या तिथे खालची करडी सिमेंटची फरशी उघडी पडली, पाकळ्यांच्याच आकाराची. तिने जितकं सारखं करायला बघितलं तितकं ते वाढत गेलं, आणि बादलीतलं पाणी असं झालं की तिने ते न बघताच मोरीत ओतलं.

हॉलच्या अलीकडच्या बाजूला त्यांचं तीन दारांचं लाकडी कपाट उभं होतं, शारजातून सेकंडहँड आणलेलं, चार आखूड पायांवर. तिने खालचे कप्पे रिकामे केले, कपाटाला पाठ लावली आणि टाचा रोवून ढकललं. डॉक्टरांनी ओझं उचलू नको म्हणून सांगितलं होतं, ढकलू नको असं कुठे म्हणाले होते? कपाट कुरकुरत सरकलं आणि उघड्या फरशीवर बरोबर बसलं.

डाग झाकला गेला. लाल फरशीचा अलीकडचा काठही कपाटाखाली गेला. एवढ्याने काय होतंय, असं ती स्वतःशी म्हणाली.

३

आठवड्याभराने केर काढताना झाडू कपाटाच्या अलीकडून फिरला आणि धुळीखालून करडी फरशी बाहेर आली. पाकळ्या.

उर्वी वाकली होती ती तशीच राहिली. डाग कपाटाखाली होता. आता अलीकडे होता, उघडा. म्हणजे कपाट पुढे गेलं होतं.

रुपेशने सरकवलं असणार. त्याला सगळ्यालाच हात लावायची सवय. दुपारी तो जेवायला आला तेव्हा तिने विचारलं.

"मी?" रुपेशने आमटीचा भुरका मारला. "मी कपडे कपाटात ठेवत नाही म्हणून तूच बोंबलतेस, आणि मी कपाट ढकलीन? पण बरं झालं की. इकडे आता पाळणा मावेल."

"अरे पण खालांच्या बाजूला गेलंय ते."

"किती? वीतभर? त्यांना ते दिसतंय तरी का, मोतीबिंदूत?" मग तिचा चेहरा बघून तो जरा नरमला. "अगं, जुनी बिल्डिंग आहे. जमीन उतरती असेल. एसीने थरथरतं सगळं. बाटली ठेवून बघ, घरंगळेल."

तिने खरंच बाटली आडवी ठेवून बघितली. बाटली हलली नाही. तिने वळवून ठेवली, तरी हलली नाही. पण बाटली काचेची आणि कपाट लाकडाचं, त्याचं वजन वेगळं, असं काहीतरी तिने मनाशी जुळवलं आणि गरम पोळी करायला उठली.

उघड्या पडलेल्या डागावर तिने पायपुसणं टाकलं.

४

आवाज दुपारचाच यायचा. सुरुवातीला तिला तो अब्रांचा वाटला, मग वरच्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबाच्या खाटेचा. घासल्यासारखा, दबका, मधे थांबणारा. कुणीतरी झोपलेल्यांची झोप मोडू नये म्हणून काळजी घेत जड वस्तू सरकवावी, तसा. ती हॉलमध्ये बसलेली असली की कधीच येत नसे. स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, की यायचा. नळ बंद केला की थांबायचा.

कपाट पुढे जात होतं. रोज नाही. कधी दोन-तीन दिवस जागचं हलायचं नाही आणि तिला वाटायचं, खलास, आपल्याच डोक्यात होतं सगळं. मग एका सकाळी खालांचा ओटा आणि कपाट यांच्यातली वाट आदल्या दिवशीपेक्षा अरुंद दिसायची. एका शुक्रवारी रुपेशला सुट्टी होती तेव्हा दोघांनी मिळून कपाट मागे ओढलं. रुपेशने घाम पुसत "झालं समाधान?" म्हटलं. रविवारी ते परत होतं तिथे होतं. होतं तिथेही नव्हतं, आणखी पुढे.

"तू झोपेत चालतेस का गं?" रुपेशने विचारलं. ह्या वेळी तो हसत नव्हता. "नाही म्हणजे, ह्या दिवसांत बायकांना काय काय होतं म्हणतात."

तिला हेच वाटत नव्हतं असं नाही. तिने संध्याकाळी आंघोळीच्या वेळी पाठ आरशात बघितली. कपाटाला लावून ढकलल्याचा वळ दिसतो का, रंग लागलाय का. नव्हतं काही. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला वळ दिसला असता तर बरं वाटलं असतं. मग नुसतं ढकलणं थांबवायचं काम उरलं असतं.

कारण एक गोष्ट तिला कुणाजवळ बोलता येत नव्हती. कपाट सरकलेलं दिसलं की तिला आधी भीती वाटायची, आणि त्या भीतीच्या लगेच पाठोपाठ, चहात साखर विरघळावी तितक्या पटकन, दुसरं काहीतरी. इकडे पाळणा. तिकडे सासूबाईंची खाट. ह्या कोपऱ्यात दूध गरम करायची शेगडी. तिचे डोळे मोकळ्या झालेल्या जागेत सामान मांडायला लागायचे आणि तिच्या लक्षात यायचं तोवर मांडून झालेलं असायचं.

खाला आडव्या होऊन चालायला लागल्या. खोलीतून निघायचं, कपाट आणि ओटा यांच्यामधून एक खांदा पुढे करून सरकायचं, स्वयंपाकघरात जायचं, तसंच परत. उर्वीशी नजरानजर झाली की म्हणायच्या, "मैं दुबली हो गई हूँ, देखा? अच्छा है." एकदा त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि बशी कपाटाला लागून चहा सांडला. उर्वी फडकं घेऊन धावली तर त्याच माफी मागायला लागल्या.

मग त्यांचं बाहेर येणंच कमी झालं.

५

सासूबाईंचा, कुमुदताईंचा, फोन यायचा तो हिशेब ठरवूनच. "मी फेब्रुवारीत येते. तीन महिने राहते. पण मला सांग, निजू कुठे? हॉलमध्ये नाही हं मी निजणार, परक्या माणसांच्या येण्याजाण्यात."

रुपेशने मनावर घेतलं. मुश्ताकशी त्याचं दोनदा बोलणं झालं. फुजैरात मुश्ताकला कंपनीने क्वार्टर दिलं होतं, खालांना तो नेऊ शकत होता. भाडेकरार रुपेशच्या नावावर करायला त्याची हरकत नव्हती. "फक्त एकच म्हणतोय," रुपेश पायमोजे काढता काढता म्हणाला, "खालांची मर्जी. त्या त्याला सांगत नाहीत काही. तुझ्याशी बोलतात म्हणे. तुला फोन करेल तो. नीट बोल."

"नीट म्हणजे काय?"

"म्हणजे नीट, उर्वी." त्याने तिच्या पोटाकडे बघितलं. "मी काय त्यांना रस्त्यावर काढतोय का? भाच्याकडे जातायत. समुद्रकिनारी. आपल्याला मिळालं असतं तर आपण गेलो असतो."

मुश्ताकचा फोन दुपारी आला. फोन हॉलमध्ये, कपाटाच्या अलीकडे. खालांचं दार अर्धं उघडं होतं. रेडिओ चालू होता.

"भाभी, मैं सीधा पूछता हूँ," मुश्ताक म्हणाला. "रुपेशभाई बोलते हैं खाला को वहाँ अब तकलीफ़ होती है. मैं तो महीने में एक बार आता हूँ. आप रोज देखती हो. वो खालूजान का बनाया हुआ घर है, वो ओटा छोड़ के वो कहीं जाना नहीं चाहतीं, यही मैं जानता था. आप बोलो. आप जो बोलोगी मैं मान लूँगा."

उर्वीने कपाटाकडे बघितलं. खरं काय ते तिच्यासमोर होतं. फरशीवर उभं होतं, तीन दारांचं. ते मागे घ्यायला हवं, एवढंच म्हणायचं होतं. खाला इथेच राहू देत. आमचं सामान वाढलंय, आम्ही दुसरी जागा बघतो. अल कुसैसला मिळतात खोल्या, रुपेशला बसने दूर पडेल, पडू दे.

"हो," ती म्हणाली. "म्हणजे, हाँ, मुश्ताकभाई. तकलीफ़ होती है. बाहर नहीं निकलतीं अब. ओटे पर भी नहीं बैठतीं. मुझे लगता है... अकेलापन लगता है उनको यहाँ."

एकेक वाक्य खरं होतं. तिने एकेक खरं वाक्य निवडून घेतलं होतं.

"शुक्रिया भाभी," मुश्ताक म्हणाला. "आप उनकी बेटी जैसी हो."

तिने फोन ठेवला तेव्हा रेडिओ बंद झालेला होता. कधी झाला कोण जाणे. मग खालांचं दार हळूच हललं. आतून कुणीतरी ते लोटत होतं, आवाज न करता बंद करायला बघत होतं. दाराची कड कपाटाला लागली. ठक. पुन्हा जरा मागे घेतलं, पुन्हा लोटलं. ठक.

दार बंद होत नव्हतं. मधे, चौकटीतच, कपाटाचा कोपरा आलेला होता.

उर्वी जागची उठली नाही. तिसऱ्यांदा काही आवाज आला नाही.

६

मुश्ताक गाडी घेऊन येणार होता त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. रुपेश झोपला होता. उर्वी हॉलमध्ये भाजी निवडत बसली होती. डब्याचं झाकण तिच्या मांडीवरून निसटलं, चाकासारखं गरगरत गेलं आणि कपाटाखाली शिरलं. पलीकडे कुठेतरी आपटून खणखणायला हवं होतं. नाही खणखणलं. मऊ काहीतरी लागून थांबावं तसं थांबलं.

ती पोट सांभाळत गुडघ्यांवर बसली, मग कुशीवर झाली आणि गाल फरशीला टेकवून कपाटाखाली बघितलं.

कपाटाच्या आखूड पायांमधून पलीकडची लाल फरशी दिसत होती. ओट्यापासून खालांच्या दारापर्यंतचा तो चिंचोळा पट्टा. आणि त्यावर पाय होते.

अनवाणी. तिला आधी वाटलं, मुश्ताकचे लोक आलेत सामान न्यायला. पण इतके? बेल कधी वाजली? पाय एकमेकांना चिकटून, मागे आणि त्याच्या मागे, ओट्याच्या कडेपर्यंत, दारातून आत. बायकांचे, भेगाळलेल्या टाचांचे. एका म्हाताऱ्याचे, सुजलेले. पोरांचे, पंजावर उभे, कारण टेकायला जागा नव्हती. घोट्यांपर्यंत सगळे मातीने लाल. कुणी हलत नव्हतं. झाकण एका बाईच्या पावलाला टेकून उभं होतं.

उर्वीच्या डोक्यावर कपाट कुरकुरलं. अगदी थोडं. आणि ते सगळे पाय, एकदम, काही न बोलता, थोडे मागे सरकले. झाकण मोकळं होऊन पडलं आणि आता खणखणलं.

ती कशी उठली ते तिला कळलं नाही. खांदा पुढे करून ती त्या फटीत शिरली. कपाटाचा कोपरा छातीला रुतला. पलीकडे कुणी नव्हतं. लाल फरशी, ओटा, पडलेलं झाकण. मातीत एकही ठसा नव्हता, ती तर सुकलेली माती, ठसा उठायचा कसा. एसीची घरघर चालू होती. तिने स्वतःला सांगितलं, तू खाली वाकलीस, रक्त डोक्यात गेलं, डॉक्टरांनी सांगितलंय बीपी कमी आहे.

मग तिने खालांच्या न मिटणाऱ्या दारातून आत बघितलं.

खाला पलंगावर बसल्या होत्या. पाठ भिंतीला, गुडघे हनुवटीला, दोन्ही पाय वर घेतलेले, हातांनी आवळून धरलेले. भरलेल्या गाडीत बाकावर बसावं तशा. खोली रिकामी होती. ट्रंक बांधून ठेवलेली, बाकी सगळी जमीन मोकळी.

"खाला," उर्वी म्हणाली. "पाय का वर घेतलेत? पैर नीचे करो ना. दुखतील."

खालांनी तिच्याकडे बघितलं. राग नव्हता. राग असता तर उर्वीला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"कहाँ रखूँ, बेटी?" त्या म्हणाल्या. "जगह कहाँ है?"

७

मुश्ताकने ट्रंक उचलली, रेडिओ काखेत मारला. रुपेशने पलंग सुटा करून गादीसकट खाली नेऊन दिला, दोन वेळा "इन्शाल्ला, मिलते रहेंगे" म्हणाला आणि खरंच मनापासून म्हणाला. निघायचं म्हणून खाला फटीतून आडव्या होऊन बाहेर आल्या. दारात उर्वीच्या गालावरून हात फिरवला. उर्वीला त्या डोळ्यांत बघवेना. तिने खालांच्या पायांशी वाकायला बघितलं तर त्यांनी तिला मधेच धरलं.

"मैं जा रही हूँ," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. "बस मैं."

मुश्ताक हसून म्हणाला, "और कौन जाएगा, खाला? चलो." जिन्यावरून त्यांच्या चपला खाली खाली वाजत गेल्या.

दार लागल्याबरोबर रुपेशने हात चोळले. "चल. आई यायच्या आत खाट घ्यायला हवी. शारजात बोललोय मी, दोनशे दिरहॅम म्हणतोय, म्हणजे दोन हजार. माप मात्र पक्कं पाहिजे."

तो टेप घेऊन खालांच्या खोलीत शिरला आणि आतून त्याचा आवाज आला, मोठा, घुमणारा. "अगं, केवढी आहे ही! बाहेरून वाटत नाही. ये ना."

उर्वी उंबऱ्याशी थांबली. खोली रिकामी होती. खिडकीतून ऊन सरळ जमिनीवर पडलं होतं, त्यात धूळ तरंगत होती. पलंगाच्या पायांचे चार खळगे. भिंतीवर खिळ्याची जागा. कोंदट वास नव्हता, काही नव्हतं. तरी तिला आत पाऊल टाकताना अंग चोरून घ्यावंसं वाटलं, पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत उशिरा पोचल्यासारखं.

"हे धर." रुपेशने टेपचं टोक तिच्या हातात दिलं आणि स्वतः खिडकीकडे गेला. "तू त्या भिंतीला लाव. मागे हो."

ती भिंतीकडे पाठ करून एक पाऊल मागे गेली.

"अजून."

ती अजून मागे गेली. मानेवर गार हवा लागत होती, श्वासासारखी आत-बाहेर होणारी. भिंत इतक्यात लागायला हवी होती. तिने टाच मागे नेली आणि टाचेला दुसऱ्याची बोटं लागली. अनवाणी, थंड. ती लगेच काढून घेतली गेली.

"सॉरी," उर्वीच्या तोंडून निघालं.

"काय झालं?" रुपेश टेपवर वाकलेला होता. "कुणाला सॉरी?"

तिला सांगता आलं असतं. ह्या खोलीत आपल्याला जागा नाही, आईंना फोन कर, मुश्ताकला फोन कर, मी खोटं बोलले. टेपची पट्टी दोघांच्या मधे ताणलेली होती, थरथरत होती. पोटात बाळ हललं, पहिल्यांदाच, मासळीने शेपटी मारावी तसं. रुपेशने वर बघितलं. त्याचा चेहरा उन्हात इतका आनंदी होता.

"कुणाला नाही," ती म्हणाली.

"मग सरक ना जरा. एवढंसं राहिलंय."

मागे कापडांची सळसळ झाली. कुणीतरी एका पोराला पोटाशी ओढून घेतलं. मग अगदी अदबीने, एकमेकांना कोपर लागू न देता, त्यांनी जागा करून दिली, आणि उर्वी मागे सरकली.